तंजावरचं पिठलं

बदलीचा हुकूम हातात पडला की बँकेतला माणूस तीन प्रश्न विचारतो. तिथं शाळा कशी आहे, घरभाडं किती पडतं आणि पाणी कसं आहे. खरा प्रश्न चौथाच असतो, तो म्हणजे तिथं जेवायला काय मिळतं. पण तो उघड विचारला तर माणूस खादाड ठरतो. म्हणून आपण पाण्यावर भागवतो.

१९८१ साली माझी बदली तंजावरला झाली तेव्हा मी यातला एकही प्रश्न विचारला नाही. कारण मी साताऱ्याचा. साताऱ्याला भोसल्यांची गादी, तंजावरलाही भोसल्यांची गादी. म्हणजे ही बदली नव्हतीच मुळी. थोरल्या घरातून धाकट्या घरी जायचं, इतकाच प्रकार.

"परमुलखात कुठं चाललोय?" मी सौभाग्यवतीला म्हटलं, "आपल्याच माणसांनी तिथं एकशे ऐंशी वर्षं राज्य केलंय."

"ते संपून किती वर्षं झाली?"

"सव्वाशे."

"मग तिथं गहू मिळतो का ते आधी विचारा," ती म्हणाली आणि पोळपाट-लाटणं ट्रंकेत तळाशी घालून मोकळी झाली.

गाडीत मी तिला तंजावरचा इतिहास सांगितला. प्रवास लांबचा होता आणि तिला उठून जायला जागा नव्हती. तंजावरला आधी नायकांचं राज्य होतं. १६७३ साली मदुरेच्या नायकानं ते गिळलं. जुन्या नायकाच्या वारसाला गादी परत मिळवून द्यावी म्हणून विजापूरच्या दरबारानं एकोजीराजांना, म्हणजे शिवाजीमहाराजांच्या सावत्रभावाला, आपल्या व्यंकोजीराजांना, फौज देऊन धाडलं. त्यांनी मदुरेकरांना हाकललं आणि १६७६ च्या सुमारास गादीवर स्वतःच बसले. पाहुणा म्हणून पाटावर बसला आणि यजमान होऊन उठला. पुढच्याच वर्षी महाराज दक्षिणेत उतरले. कोळ्ळिडम नदीच्या काठी दोघा भावांची भेट झाली. महाराजांनी वडिलांच्या मिळकतीतला अर्धा वाटा मागितला. व्यंकोजीराजे काही दिवस राहिले आणि एका रात्री न सांगता निघून गेले.

"वाटणीचं बोलणं निघालं की भाऊ न सांगता उठून जातो, हे आमच्या घरीही चालूच आहे," सौ. म्हणाली. इतिहास तिला लगेच कळतो. तारखा तेवढ्या कळत नाहीत.

घर मिळालं ते जुन्या राजवाड्याजवळच्या एका गल्लीत. पुढं तिण्णै, म्हणजे आपला ओटा. आत चौक, चौकाच्या पलीकडे मालक राहायचे आणि अलीकडच्या दोन खोल्यांत आम्ही. दलाल म्हणाला होता, "सार, मालकही तुमच्यातलेच." तुमच्यातले म्हणजे काय हे मला आत शिरल्यावर कळलं. नऊवारीसारखं काहीतरी नेसलेली, कपाळावर गोल कुंकू, कानांत हिऱ्यांच्या कुड्या अशी सत्तरीची एक बाई दारात आली आणि म्हणाली, "या. बसा. जेवलात का?"

मराठीत! दोन दिवस गाडीत 'वेण्डाम' आणि 'पोदुम' एवढ्या दोन शब्दांवर काढलेल्या माणसाला जो आनंद होईल तो मला झाला. पण त्या मराठीची चाल मात्र निराळी. शब्द आमचे, सूर कावेरीकाठचा. मधेच एखादा शब्द असा यायचा की तो मी फक्त आजोबांच्या पोथीत पाहिला होता, आणि त्याच्याच शेजारी एखादा तमिळ शब्द मांडी घालून बसलेला. वाक्य वर चढायचं, टोकाला जरा थांबायचं आणि हळूच खाली उतरायचं. त्या बोलल्या ते शब्द मी इथं लिहू शकतो. ती चाल कागदावर उतरत नाही.

आम्ही त्यांना आजी म्हणू लागलो. मला त्या 'सार' म्हणायच्या आणि सौ.ला नावानं हाक मारायच्या. कोणाला घरातलं धरायचं आणि कोणाला नाही, हे बायकांना पहिल्याच दिवशी ठरवता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीशी गाठ पडली. आजींनी विचारलं ते तमिळमध्ये, कारण कॉफीचं बोलणं त्या घरात तमिळमध्येच चालायचं. "कापी साप्पिडरींगळा?" साप्पिडणं म्हणजे जेवणं. तमिळ माणूस कॉफी जेवतो. ती पाहिल्यावर मला शब्द पटला. पितळेचं दुमजली भांडं. वरच्या मजल्याच्या तळाला बारीक भोकं. त्यात कॉफीची पूड भरून वर दांड्याची चकती दाबायची, उकळतं पाणी ओतायचं आणि विसरून जायचं. खालच्या मजल्यावर काळाभोर अर्क थेंबाथेंबानं उतरतो. आमच्या बँकेत कर्जमंजुरी जेवढ्या वेगानं उतरायची, साधारण तेवढ्याच वेगानं. मग त्यात उकळतं दूध आणि साखर.

इथपर्यंत ठीक होतं. पुढं ती कॉफी एका पितळी पेल्यात आणि तो पेला एका खोलगट पितळी वाटीत घालून समोर आला. पेल्याला कान नाही. मी सरळ मुठीत धरला आणि सोडला. पितळेला दूधही कळतं आणि विस्तवही कळतो, मधलं काही कळत नाही. पेल्याला वर बाहेर वळलेली एक कड असते. ती दोन बोटांत धरायची, कॉफी वाटीत ओतायची, वाटीतून पेल्यात, पुन्हा वाटीत. ती निवते आणि वर फेस येतो. पेला आणि वाटी यांच्यातलं अंतर जेवढं जास्त तेवढा माणूस सराईत. हॉटेलातला पोऱ्या ही धार हातभर लांब काढायचा. मी वीतभर काढली आणि पांढरा सदरा धुवायला टाकला.

तरीही ही निम्मीच परीक्षा. पेला ओठांना लावायचा नाही! मान मागं टाकायची आणि वरून धार सोडायची. आमच्याकडे पाणी असं पितात, पण ते गार असतं. शिवाय चुकलं तर ते फक्त पाणी असतं. पहिल्या दिवशी माझ्या नाकानं कॉफी जेवली.

एक मात्र मनात आलं, किती स्वच्छ रीत ही! उष्टं म्हणून नाही. महिन्याभरात कर्जाच्या चौकशीला एका खेड्यात गेलो. तिथल्या चहाच्या टपरीवर काचेचे ग्लास दोन जागी ठेवलेले दिसले. काही फळीवर, काही बाहेर खुंटीला. बाहेरचे कोणासाठी हे मला कोणी सांगावं लागलं नाही. आमच्या गावच्या घरीही गोठ्याच्या वळचणीला कान तुटलेला एक कप असायचा. तो कोणासाठी, हे मी लहानपणी आजीला विचारलं होतं आणि उत्तराऐवजी डोळे वटारलेले पाहिले होते. उष्ट्याची भीती एवढ्याशा पेल्यातून निघते आणि माणसाला उंबऱ्याबाहेर उभं करते. मी ते ग्लास पाहिले आणि त्या दिवशी परमुलखात आल्यासारखं मला अजिबात वाटलं नाही.

कॉफीच्या अभिमानाबद्दल तर बोलायलाच नको. तिथून चाळीस किलोमीटरवर कुंभकोणम. तिथली 'डिग्री कॉफी' प्रसिद्ध. दुधात पाणी नाही हे यंत्रानं डिग्रीत मोजून घेतात म्हणून ती डिग्री, असं आमचा हेडक्लार्क सांगायचा. चिकोरीचं चिकरी आणि चिकरीचं डिग्री झालं, असं कॅशियरचं मत. दोघांचं या एका प्रश्नावरून वर्षभर बोलणं नव्हतं. मी नुसता बी.कॉम. असल्यानं डिग्रीच्या वादात पडलो नाही.

आणि एवढं करून ही कॉफी तंजावरची नव्हेच. बाबा बुदान नावाच्या फकिरानं अरबस्तानातून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी कथा आहे. मळे वाढवले इंग्रजांनी, एकोणिसाव्या शतकात. तमिळ घरांत ती शिरली विसाव्या शतकाच्या तोंडाला, आणि तेव्हा जाणत्या मंडळींनी केवढा गहजब केला होता! त्याआधी सकाळी 'पळयदु' खायची रीत होती. रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवायचा आणि सकाळी ताक-मीठ घालून खायचा. या कॉफीनं ती बुडवली, आता लोकांच्या अंगात ताकद कुठून येणार, अशी ओरड झाली. इतिहासकार ए. आर. वेंकटाचलपती यांनी पुढं २००६ साली एक आख्खं पुस्तक काढलं, त्याचं नावच मुळी 'तेव्हा कॉफी नव्हती' अशा अर्थाचं आहे. आजी सांगायच्या, "माझ्या सासऱ्यांनी जन्मभर कॉफीला हात लावला नाही. आणि सासूनं त्यांच्यासमोर लावला नाही."

सांबाराचा घोळ सौ.नं केला. तिचं माहेर वर्ध्याचं. तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. आजींनी चौकातून विचारलं, "सांबार देऊ का गं?" तिनं आनंदानं सुरीसकट ताट पुढं केलं. आजींनी त्यात पळीभर सांबार वाढलं. दोघी एकमेकींकडे आणि मग ताटाकडे पाहत राहिल्या.

मला मात्र संधी मिळाली. मी तिथल्या तिथं ती प्रसिद्ध कथा सांगितली. संभाजीराजे तंजावरला पाहुणे आले, मुदपाकखान्यात आमटीला आमसुलं नव्हती, मग चिंच घातली आणि राजांच्या नावावरून त्या आमटीचं नाव पडलं सांबार. "म्हणजे आजी, हा सगळा मद्रास इलाखा रोज मराठ्यांची आमटी खातो!"

आजींनी शांतपणे विचारलं, "कुठं लिहिलंय?"

लिहिलेलं कुठंच नाही. कथा गोड आहे, पण त्या काळचा कागद तिच्या पाठीशी कोणी उभा केलेला नाही. "आमच्या घरी पण सांगतात," आजी म्हणाल्या. "चांगली आमटी झाली की बाप व्हायला सगळे येतात." शिवाय त्या सांबारात मी बोट दाखवलेली लाल मिरची पोर्तुगीजांनी समुद्रापलीकडून आणलेली, टोमॅटोही पलीकडचाच. त्या भांड्यात मूळचं तंजावरचं कोण आणि उपरं कोण याची जनगणना करायला बसलं असतं तर भात निवला असता.

मग एका सहकाऱ्याच्या बहिणीचं लग्न आलं. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमालाही मी गेलो होतो. आमच्याकडे या प्रसंगाचा खर्च कांदेपोह्यांवर भागतो. तिथं 'सोज्जी-बज्जी' लागते. सोज्जी म्हणजे शिरा आणि बज्जी म्हणजे आपली भजी. मुलाकडचे बशी रिकामी करून, "कळवतो" म्हणून उठले तेव्हा मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

लग्नाची पंगत केळीच्या पानावर. पानाचं निमुळतं टोक डावीकडे. भाताचे फेरे एकामागून एक. वरणतूप, सांबार, मग रसम. आमटी वाटीत घेणाऱ्या मराठी माणसाची खरी फजिती रसमाला होते. वाटी नाही. पातळ रसम सपाट पानावर, भाताच्या ढिगावर ओततात आणि ते चहूकडे निघतं. माझं रसम उत्तरेकडून निसटलं ते शेजाऱ्याच्या पानाला जाऊन मिळालं. शेजारी आठ वर्षांचा मुलगा. त्यानं भाताला तळहाताच्या कडेनं असा काही बांध घातला होता की थेंब हलत नव्हता. मग लक्षात आलं. करिकाल चोलानं दोन हजार वर्षांपूर्वी तिथून जवळच कावेरीला कल्लणै नावाचा बांध घातला आणि तो आजही पाणी अडवतो. ज्यांच्या पूर्वजांनी कावेरी अडवली त्यांना रसमाचं काय? रसमानंतर पायसम आलं. तेही पानावरच. हातानं खीर खायला मी त्या दिवशी शिकलो. शेवटी ताकभात.

जेवून झालं. मी समाधानानं पान दुमडलं, पुस्तक मिटावं तसं, पलीकडच्या बाजूला. पंगत एकदम गप्प झाली. मंगलकार्यात पान आपल्याकडे दुमडायचं असतं. पलीकडे दुमडतात ते दुःखाच्या जेवणात. यजमानांनी हसून वेळ मारून नेली, पण बँकेत पुढचे चार दिवस लोक माझ्याकडे काळजीनं पाहत होते.

तर अशा रीतीनं मी दुसऱ्यांच्या रीतींना हसत होतो आणि दुसरे माझ्या धांदलीला. फिटंफाट होती. ती बिघडली पिठल्यावरून.

एक दिवस आजी म्हणाल्या, "सार, उद्या पिटलै करते." मी मोहरलो. पिठलं! चार महिने भातावर काढलेल्या साताऱ्याच्या माणसाला पिठलं म्हणजे काय ते सांगून कळायचं नाही. मी सौ.ला भाकऱ्या करायला लावल्या. कांदा बुक्कीनं फोडून तयार ठेवला. नेमका त्याच दिवशी साताऱ्याचा एक मित्र रामेश्वराला जाता जाता मुक्कामी आला होता. आजींनी भांडं पाठवलं. आत कारल्याच्या फोडी, तूरडाळ, चिंच आणि वाटलेलं भाजकं खोबरं. बेसनाचा पत्ता नाही! नाव पिठल्याचं आणि आत दुसरंच कोणीतरी.

मित्राला हसू आवरेना. मला तर चेवच आला. हसवायची सवय वाईट. समोर एक श्रोता असला तरी ती सुटत नाही. मी आजींच्या चालीत सुरू केलं. त्यांच्यासारखं वाक्य वर चढवलं, टोकाला थांबवलं, हळूच उतरवलं. "सार, हे पिटलै... हे सांबारु..." बँकेत हा प्रयोग मी बऱ्याचदा केला होता आणि तो रंगायचा. मित्र पोट धरून हसला. मीही हसलो. सौ. हसत नव्हती. ती दाराकडे पाहत होती.

दारात आजी उभ्या होत्या. हातात तुपाची वाटी होती. पिटलैवर तूप घ्यायचं राहिलं म्हणून त्या स्वतः आल्या होत्या. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि गेल्या.

त्या दिवसापासून आजी माझ्याशी मराठीत बोलल्या नाहीत. भांडण नाही, राग नाही, कॉफी येत होती. पण सगळं तमिळमध्ये. "सार, तपाल वंदिरुक्कु." टपाल आलंय. मी मराठीत उत्तर द्यायचो, त्या तमिळमध्ये मान हलवायच्या. सौ.शी मात्र मराठी चालूच. भिंतीपलीकडून ती चाल ऐकू यायची आणि मी या बाजूला वर्तमानपत्र धरून बसायचो. माफी मागायला दोनदा चौकापर्यंत गेलो. दोन्ही वेळा भाड्याविषयी बोलून परत आलो.

असे दीड-दोन महिने गेले. मग एकदा कुंभकोणमच्या शाखेत हिशेबतपासणी निघाली. ताळा जुळेना. जुळला तेव्हा रात्र झाली होती, पॅसेंजर दोन तास उशिरा. सौ. माहेरी गेलेली. हॉटेलं बंद. पावसात भिजत गल्लीत शिरलो तेव्हा बारा वाजायला आले होते. तिण्णैवर कंदील होता आणि कंदिलाशेजारी आजी बसल्या होत्या.

"जेवलात का?" त्या म्हणाल्या. मराठीत.

मी नाही म्हटलं. त्यांनी आत नेऊन पान मांडलं. भात, ताक, लोणचं आणि पानाच्या डाव्या बाजूला एक पांढरट गोळा. मी तो जिभेवर ठेवला आणि थांबलो. उडदाचं भाजकं पीठ, दही, हिंग, मोहरीची फोडणी. "आजी, हे डांगर!"

"डांगर पचडी."

हे माझी आई करायची. साताऱ्यात, अगदी असंच, हिंगसुद्धा तेवढाच. तीनशे वर्षांपूर्वी कोणा बाईनं ते पीठ बैलगाडीत घालून इथवर आणलं असेल, आणि तिच्या सुनांनी-नातसुनांनी फोडणी हलू दिली नव्हती.

"आजी," मी म्हटलं, "त्या दिवशी..."

"तुमचं पिठलं तुमच्याकडे चांगलं," त्या म्हणाल्या. "इथं हरभरा कमी, चिंच-खोबरं जास्त. नाव तेवढं जपलं, आत इथलं भरलं. नाही तर नावही गेलं असतं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "मुलगा मराठी समजतो, बोलत नाही. नातवाला समजतही नाही. माझ्याशी मराठी बोलणारे आता दोघंच. एक देव, तो उत्तर देत नाही. दुसरे तुम्ही. तुम्ही हसता."

मी ताकभात संपवला. पान माझ्याकडे दुमडलं.

त्यानंतर मी सरस्वती महाल ग्रंथालयात जाऊ लागलो. आधी एकदा गेलो होतो, पण तो प्रवाशासारखा. दुसरे सरफोजीराजे १७९८ ते १८३२ गादीवर होते. राज्य नावापुरतं, सत्ता कंपनीची. त्यांनी ग्रंथ गोळा केले. तिथं मराठी हस्तलिखितंच तीन हजारांच्या घरात आहेत. त्यांच्या मुदपाकखान्यातलं पाकशास्त्रही त्यांत आहे, 'शरभेंद्र पाकशास्त्र'. शरभेंद्र म्हणजे सरफोजीच. राज्य गेलं तरी तिखट-मिठाचं प्रमाण लिहून ठेवणारा राजा मला फार आपला वाटला. त्याआधी शंभर वर्षं शहाजीराजे याच गादीवर बसून मराठी नाटकं लिहीत होते. सांगलीला विष्णुदास भाव्यांचं 'सीतास्वयंवर' झालं ते १८४३ साली, म्हणजे कितीतरी नंतर. मोठ्या देवळाच्या भिंतीवर सरफोजींनी १८०३ साली भोसल्यांचा वंशवृत्तांत मराठीत कोरवला आहे. राजराज चोलाचं देऊळ, १०१० सालचं, आणि त्याच्या आवारातल्या भिंतीवर आपलं नागरी अक्षर! मी पहिल्यांदा तो शिलालेख पाहिला तेव्हा छाती फुगली होती. नंतर पाहिलं तेव्हा एवढंच लक्षात आलं की अर्धा तास मी तिथं उभा होतो आणि तो वाचायला दुसरं कोणी थांबलं नाही.

पण माझ्या मनात राहिली ती एक घंटा. तंजावरच्या राजांनी वाटेवाटेला छत्रं बांधली होती. ती चालवायचा खर्च कंपनीच्या डोळ्यांवर आला तेव्हा सरफोजींनी १८०१ साली रेसिडेंटला पत्र लिहून छत्रांत काय चालतं ते सांगितलं. येणाऱ्या कोणत्याही जातीच्या वाटसरूला शिजलेला भात मिळतो. ज्यांना तो चालत नाही त्यांना कोरडा शिधा. आईविना पोरांना दूध, आजाऱ्याला वैद्य. आणि हे वाढणं मध्यरात्रीपर्यंत चालतं. मग घंटा होते आणि पुकारा होतो की अजून कोणी जेवायचं राहिलं असेल तर त्यानं यावं.

शिजलेला आणि कोरडा हा भेद त्या पत्रातही आहेच. तो खुंटीवरचा ग्लास राजालाही फोडता आला नव्हता. पण मध्यरात्री घंटा वाजवून 'कोणी राहिलंय का?' असं विचारणारं राज्य मी इतिहासाच्या कुठल्या पुस्तकात पाठ केलं नव्हतं. आम्ही पाठ केल्या त्या लढाया. हे वाचलं आणि मला तिण्णैवरचा कंदील आठवला. १८५५ साली शेवटचे राजे वारले, मुलगा नव्हता, राज्य खालसा झालं. गादी, फौज, खजिना सगळं गेलं. मग मागं काय उरलं, असं कोणी विचारलं तर मी पूर्वी शिलालेखाकडे बोट दाखवलं असतं.

तीन वर्षांनी बदली झाली. निघताना आजींनी सौ.ला पितळी फिल्टर दिला आणि मला डांगराच्या पिठाची पुडी. "पिठलं करू नका त्याचं," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच मला हसल्या. आजी आता नाहीत. जाऊनही बरीच वर्षं झाली. तो चौकाचा वाडाही पाडला.

त्यांचा नातू चेन्नईत असतो. दिवाळीला त्याचा फोन येतो. बोलणं अर्धं इंग्रजीत, अर्धं मोडक्या हिंदीत. मराठी त्याला येत नाही. एकच वाक्य येतं आणि फोन तो त्यानंच सुरू करतो. "जेवलात का?" वाक्य वर चढतं, टोकाला थांबतं आणि हळूच उतरतं.

"जेवलो रे," मी सांगतो.

परवा सौ. पलीकडून म्हणाली, "या वयात तरी नक्कल सोडा."

आता ती नक्कल राहिलेली नाही, हे तिला कसं सांगू? त्या प्रश्नाला माझ्या तोंडून दुसऱ्या चालीत उत्तरच येत नाही.